जमीन हलते तेव्हा पडद्यावर काय दिसतं? भूविज्ञान, सिनेमे आणि माणसं

कातळवाट

नमस्कार मंडळी,

भूकंप, ज्वालामुखी, दरड किंवा त्सुनामीवरचा एखादा सिनेमा आला की ओळखीतल्या कोणाचा तरी निरोप हमखास येतो: "यातलं खरं किती?" मी भूविज्ञान शिकवतो, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. उत्तर मी देतोच. पण असे सिनेमे बघताना मला जास्त ओढ असते ती दुसऱ्याच गोष्टीची. जमिनीत जे घडतं ते माणसापर्यंत नेमकं कसं पोचतं, हे या सिनेमावाल्यांना कळलंय का?

कारण पडद्यावर जमीन दुभंगते आणि माणसं भेगेत गडप होतात. प्रत्यक्षात असं जवळपास कधीच होत नाही. माणसं जातात ती घर अंगावर कोसळून, राखेच्या वजनाने छप्पर खचून, चिखलाच्या लोंढ्यात सापडून. आणि कितीदा तरी इशारा मिळूनही तो कोणी मनावर न घेतल्यामुळे.

१९९७ मध्ये अडीच महिन्यांच्या अंतराने दोन ज्वालामुखीपट आले. 'व्होल्कॅनो'मध्ये थेट लॉस एंजलिस शहरात, डांबराच्या तळ्यांपाशी ज्वालामुखी फुटतो आणि लाव्हा भुयारी रेल्वेच्या बोगद्यातून वाहतो. तिथे दोन भूपट्ट एकमेकांना घासत बाजूबाजूने सरकतात. शहराखाली शिलारस तयार व्हावा अशी परिस्थितीच नाही. या सिनेमात लाव्हा म्हणजे पाठलाग करणारा खलनायक आहे, त्यापलीकडे फार बोलण्यासारखं नाही.

'दान्तेज पीक'चं तसं नाही. चुका त्यातही आहेत. अमेरिकेतल्या कॅस्केड पर्वतरांगेतल्या अशा ज्वालामुखीचा लाव्हा चिकट आणि घट्ट असतो, तो हवाई बेटांवरच्या बेसॉल्टसारखा पळत सुटत नाही. इथे तो ओढ्यासारखा वाहतो आणि वर त्यावरून गाडी जाते. तळ्याचं पाणी आम्लधर्मी होऊ शकतं, पण ॲल्युमिनियमची नाव बघता बघता विरघळेल इतकं नाही. तरीही हा सिनेमा मी विद्यार्थ्यांना आवर्जून बघायला सांगतो. सुरुवातीला डोंगरावर मेलेली झाडं दिसतात. जमिनीतून झिरपणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे मुळं गुदमरतात आणि उभं झाड वाळतं. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर १९९० पासून हे खरोखर घडलं आहे. मग गावकारभाऱ्यांची बैठक होते. ज्वालामुखीतज्ज्ञ नायक म्हणतो लोकांना सावध करा, त्याचा वरिष्ठ म्हणतो थांबा. तो वरिष्ठ मूर्ख नाही. १९८२ मध्ये मॅमथ लेक्स परिसरासाठी संभाव्य उद्रेकाची सूचना दिली गेली होती. उद्रेक झाला नाही. पर्यटन बसलं, घरांच्या किमती उतरल्या आणि लोकांचा सगळा राग शास्त्रज्ञांवर निघाला. त्या वरिष्ठाच्या बोलण्यामागे हा इतिहास आहे. पुढे एका रात्री घरातल्या नळाला गढूळ, गंधकाच्या वासाचं पाणी येतं आणि त्याचं मत फिरतं. डोंगराच्या पोटातली घडामोड स्वयंपाकघरात पोचली! अख्ख्या सिनेमातला माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा प्रसंग तोच. पुढचे स्फोट नसते तरी चाललं असतं.

'सॅन अँड्रियास' (२०१५) मधली जमिनीची प्रचंड घळ मात्र मूळ तत्त्वालाच सोडून आहे. सॅन अँड्रियास हा कॅलिफोर्नियातला भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी तडा. तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात. घर्षणाने अडकतात, ताण साठतो, मग झटक्यात सरकतात. मध्ये अशी फट असती तर घर्षण उरलं नसतं आणि भूकंपही झाला नसता. सिनेमात तीव्रता ९.६ पर्यंत जाते. सुमारे १३०० किलोमीटर लांबीच्या त्या भ्रंशावर ८.३ च्या आसपास कमाल मर्यादा मानली जाते. आडव्या सरकण्याने समुद्रतळ उचलला जात नाही, म्हणून तिथून तेवढी अजस्र त्सुनामीही येणार नाही.

आता दोन सिनेमे, ज्यांत शास्त्र जवळजवळ बोललंच जात नाही.

फेंग शियाओगांगचा चिनी 'आफ्टरशॉक' (२०१०). २८ जुलै १९७६ च्या पहाटे पावणेचारच्या सुमारास तांगशान शहर झोपेत असताना भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसं गेली. सिनेमात हादरे काही मिनिटांतच आटोपतात. मग येतो तो प्रसंग: एकाच स्लॅबखाली जुळी भावंडं, एक टोक उचललं तर दुसऱ्या टोकाखालचं मूल चिरडणार. आईला निवडायला सांगतात. ती पुटपुटते, मुलाला वाचवा. ढिगाऱ्याखालची मुलगी ते ऐकते, आणि वाचते. उरलेला सिनेमा पुढच्या बत्तीस वर्षांचा आहे. आई दर वर्षी त्या "गेलेल्या" मुलीसाठीही शाळेची पुस्तकं घेत राहिली, हे मुलीला फार उशिरा कळतं. भूकंपाचा कालावधी सेकंदांत मोजायचा की दशकांत, हा प्रश्न या सिनेमाने मला कायमचा दिला.

दुसरा इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीचा 'लाइफ अँड नथिंग मोअर' (१९९२). जून १९९० मध्ये इराणच्या मंजिल-रुदबार भागात भूकंप होऊन सुमारे ४० हजार माणसं गेली. एक दिग्दर्शक आपल्या मुलाला घेऊन गाडीने त्या भागात निघतो, आपल्या जुन्या सिनेमातली पोरं जिवंत आहेत का ते शोधायला. दरडींनी रस्ते अडलेले, भिंतींना तडे. एक तरुण सांगतो की इतके नातेवाईक गेले तरी आम्ही लगेच लग्न उरकलं. एक जण उघड्या माळावरच्या छावणीत टीव्हीचा अँटेना उभा करतोय, कारण फुटबॉलचा विश्वचषक चालू आहे. भूकंपग्रस्त म्हटलं की रडणारी माणसं डोळ्यासमोर येतात. ही माणसं भांडी घासतात, सतरंज्या झटकतात, मॅचची चौकशी करतात. भूकंपानंतरच्या माणसाचं इतकं खरं चित्रण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तुमच्या मनात कोणते सिनेमे आहेत? चुका दाखवा, कौतुक करा, पण त्यातल्या माणसांबद्दलही लिहा.

---

सांजरेघ

सुंदर धागा. आपल्याकडचा भूकंप म्हटलं की मला 'वक्त' (१९६५) आठवतो. लाला केदारनाथ आपल्या भरभराटीच्या तोऱ्यात बोलतो, नियतीला जुमानत नाही, आणि लगेच धरणी हादरते. कुटुंबाची ताटातूट. त्या कथेत भूकंप म्हणजे माणसाचा अहंकार उतरवणारी काळाची थप्पड. पटकथेला ते सोयीचं आहे, पण मला ही मांडणी कायम खुपते.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचं म्हटलं होतं आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला होता. निसर्गाच्या घडामोडीला नीतीशी जोडू नये, हा त्यांचा मुद्दा. गांधीजींनी तो विरोध स्वतःच्या 'हरिजन' साप्ताहिकात छापला. तो वाद आपल्या सिनेमाने पुढे नेला असता तर किती बरं झालं असतं. भूकंप शिक्षा मानला की घर कोणी कसं बांधलं हे विचारायचं कारणच उरत नाही.

---

तुळई

सांजरेघ, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. मी इमारतींच्या संरचनेचं काम करते.

'सॅन अँड्रियास'ला कातळवाटांनी धुतलं ते योग्यच, पण एक गोष्ट त्या सिनेमाच्या पदरात टाका. त्यातला प्राध्यापक सगळ्यांना टेबलाखाली शिरून डोकं झाकायला आणि धरून बसायला लावतो. हा खरा सल्ला आहे. जुन्या सिनेमांत सगळे हादरे चालू असतानाच बाहेर पळत सुटतात, आणि दर्शनी भागाच्या विटा, काचा, सज्जे नेमके तिथेच पडतात.

मला सुचवायचाय तो मेक्सिकोचा '७:१९' (२०१६). १९ सप्टेंबर १९८५ ला सकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी झालेला भूकंप. केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब, तरी मेक्सिको सिटीत हाहाकार. शहराचा मोठा भाग जुन्या तलावाच्या मऊ गाळावर वसलेला आहे. त्या गाळाने लाटा वाढवल्या आणि साधारण दोन सेकंदांच्या लयीत डोलवल्या. ज्या इमारतींची स्वतःची लय त्याच्याशी जुळली, म्हणजे ढोबळमानाने सहा ते पंधरा मजली, त्या जास्त पडल्या. शेजारची बैठी जुनी घरं उभी राहिली. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की तो चढतच जातो, तसं.

सिनेमा जवळजवळ सगळा ढिगाऱ्याखाली आहे. एक सरकारी अधिकारी आणि एक रात्रपाळीचा पहारेकरी, हलता येत नाही, अंधार, फक्त आवाज. कोसळणारी शहरं दाखवायला लागणाऱ्या पैशात असे पंधरा सिनेमे होतील. काँक्रीट अंगावर असणं म्हणजे काय, हे आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने एकदा तरी तासभर बसून ऐकावं.

---

पडदावेडा

थोडा वेगळा सूर लावतो. सिनेमा हा सिनेमा आहे, पाठ्यपुस्तक नव्हे. 'द कोअर' (२००३) मध्ये माणसं पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत जातात. माणसाने खणलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं, १२ किलोमीटर आणि थोडं वर, आणि पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. हे मला ठाऊक आहे, तरी मी तो मनापासून बघतो. '२०१२' हा सिनेमासुद्धा. त्यांनी भव्यता दिली, पायाखाली काहीतरी धगधगतंय ही जाणीव दिली. किती मुलं असे सिनेमे बघून या विषयाकडे वळली असतील!

आणि काळ आवळणं ही पडद्याची गरज आहे. डोंगर महिनोन्‌महिने मिलिमीटरने सरकतो, ते कोण बघेल?

---

कातळवाट

पडदावेडा, गाभ्यात जाणाऱ्या कल्पनारम्य सिनेमांशी माझं भांडण नाहीच. ते बघून कोणी चुकीचा निर्णय घेणार नाही. भेगेत पडायच्या भीतीने घराबाहेर धावणारा माणूस मात्र जीव गमावू शकतो. फरक मी तिथे करतो.

मिलिमीटरचं म्हणाल, तर नॉर्वेचा 'द वेव्ह' (२०१५) बघाच. गायरांगर फियोर्डजवळचा (फियोर्ड म्हणजे डोंगरकड्यांमधली समुद्राची अरुंद, खोल खाडी) ओकरनेसेट हा डोंगरउतार खरा आहे. त्यातली भेग दर वर्षी काही सेंटिमीटर रुंदावते आणि तिच्यावर चोवीस तास उपकरणांची नजर आहे. कडा फियोर्डमध्ये कोसळला तर उसळणारी लाट किनाऱ्याच्या गावांवर येणार. १९३४ मध्ये जवळच्या ताफ्योर्डला असंच होऊन ४० माणसं गेली होती. सिनेमात भोंगा वाजल्यावर गावाला दहा मिनिटं मिळतात. प्रत्यक्षात इतका मोठा उतार सुटण्याआधी त्याचा वेग बराच काळ वाढत जातो, म्हणून इशारा खूप आधी देता येईल अशी तयारी तिथे आहे. म्हणजे काळ आवळलाय. पण आवळूनही त्यांनी निरीक्षण केंद्रातली घालमेल ठेवली: एका उपकरणाचे आकडे विचित्र आलेत, बिघाड असेल का? पर्यटनाचा हंगाम आहे, गाव रिकामं करायचं का? तिथे मिलिमीटरही बघवतो.

---

भूमिगत

कोळसा खाणीत काम केलेला माणूस आहे. खाण म्हणजे भूविज्ञानाच्या पोटात रोज आठ तास राहणं, म्हणून इथे लिहितो.

'काला पत्थर' (१९७९) ला चासनाळा दुर्घटनेचा आधार आहे. २७ डिसेंबर १९७५, पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. शेजारच्या जुन्या, पाणी भरलेल्या खाणकामातून पाणी आत घुसलं. सिनेमात गाणी आहेत, मारामारी आहे, पण खाली किती पाणी तुंबलंय हे माहीत असून उत्पादन थांबवायचं नाही, हा त्यातला गाभा खरा आहे. जुनी खाण, तिचा नकाशा आणि मध्ये सोडलेली कोळशाची भिंत यांचा हिशोब चुकला की माणसं जातात.

बाहेरचा 'द ३३' (२०१५) पण बघा. चिलीत ५ ऑगस्ट २०१० ला खाण ढासळली, ३३ जण सुमारे ७०० मीटर खोल अडकले, जिवंत आहेत हे सतरा दिवसांनी कळलं आणि ६९ दिवसांनी वर आले. अडकलेल्यांनी अन्न कसं वाटून घेतलं ते सिनेमा दाखवतो. छिद्र खोदणाऱ्यांचं काम त्या मानाने भरभर उरकलं. इतक्या खोल कठीण खडकात बोअरची दिशा थोडी जरी भरकटली तरी खाली ती पार दुसरीकडे निघते. माझ्यासाठी सगळा थरार त्या भरकटण्यात होता.

आणि एक. ढासळण्याआधी छत आवाज करतं. बारीक करकर, मग खडे गळतात. जुने कामगार त्यावर हातातलं काम टाकून निघतात. तो आवाज मला एकाही सिनेमात नीट ऐकू आलेला नाही. सगळे थेट गडगडाटाला हात घालतात.

---

मृद्गंधा

भूमिगत, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मला 'द इम्पॉसिबल' (२०१२) बद्दल बोलायचंय. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी, एका परदेशी पर्यटक कुटुंबाची खरी गोष्ट. पाण्याखालचा तो भाग अस्वस्थ करतो. लाट म्हणजे नुसतं पाणी नाही, त्यात झाडं, पत्रे, गाद्या, काचा असतात, आणि त्याच शरीर फाडतात, हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कोणी दाखवलेलं नाही. पण त्या दिवशी सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गेली. त्यातली बहुसंख्य किनाऱ्यांवरचीच राहणारी, आणि ती या सिनेमात फक्त मदतीला धावणारी आहेत. पर्यटक विमानाने परत जातात. ज्यांची होडी, घर, गाव गेलं त्यांचा सिनेमा कुठे आहे?

इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर खरंतर सिनेमा व्हायला हवा. भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ, दहा मिनिटांच्या आसपास लाट पोचली. लोकसंख्या सत्तर हजारांवर, मृत्यू सात. १९०७ च्या त्सुनामीची आठवण त्यांनी गोष्टींतून, अंगाईंतून जपली होती: जोराचा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला की टेकडीकडे पळा. त्या लाटेला त्यांच्या भाषेत 'स्मोंग' म्हणतात. कोणीतरी "स्मोंग" ओरडलं आणि अख्खी गावं चढावर गेली.

---

पडदावेडा

मृद्गंधा, हे माहीत नव्हतं. यावर सिनेमा झाला तर मी पहिल्या रांगेत बसेन.

कातळवाट, माहितीपटांबद्दल काहीच लिहिलं नाहीत?

---

कातळवाट

मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

'फायर ऑफ लव्ह' (२०२२) अनेकांनी पाहिला असेल. मोरिस आणि कातिया क्राफ्त, ज्वालामुखींच्या मागे जगभर फिरणारं फ्रेंच दांपत्य. लाव्हाच्या काठावर चंदेरी पोशाखात उभी असलेली त्यांची दृश्यं देखणी आहेत, पण त्यांच्या कामाला वळण मिळालं ते आर्मेरोमुळे.

१३ नोव्हेंबर १९८५, कोलंबिया. नेवादो देल रुइस हा हिमाच्छादित ज्वालामुखी रात्री नऊच्या सुमारास फुटला. उद्रेक तसा लहान होता. पण तप्त राखेने शिखरावरचं बर्फ वितळवलं, आणि पाणी, राख, दगड, माती यांचा चिखललोंढा, म्हणजे लाहार, नदीच्या पात्रांतून खाली सुटला. सत्तरेक किलोमीटर दूर असलेल्या आर्मेरोला तो रात्री साडेअकराच्या सुमारास पोचला. मध्ये दोन तासांहून जास्त वेळ होता. सुरक्षित उंचवटा चालत जाण्याच्या अंतरावर होता. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता आणि त्यात आर्मेरो स्पष्ट धोक्यात दाखवलं होतं. सुमारे २३ हजार माणसं गेली.

त्यानंतर क्राफ्त दांपत्याने ज्वालामुखीच्या धोक्यांवर एक साधी फिल्म तयार केली: लाहार असा दिसतो, तप्त राख आणि वायूचा लोंढा असा धावतो, छपरावर राख अशी साठते. कथा नाही. "लाहार" या शब्दाने ज्याच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही, त्या अधिकाऱ्याला, त्या गावकऱ्याला तो दाखवायचा, एवढाच हेतू. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो ज्वालामुखी जागा होत असताना तिथल्या आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी या फिल्मची कच्ची प्रत अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवली. बघून अनेकांचं मत बदललं. हजारोंच्या संख्येने लोक हलवले गेले. १५ जूनला विसाव्या शतकातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा उद्रेक झाला. इशारा आणि स्थलांतरामुळे किमान पाच हजार जीव वाचले असा अंदाज आहे. त्याच दिवशी वादळ धडकलं, राख भिजून जड झाली, छपरं बसली आणि त्यात शेकडो गेले, हेही खरं.

क्राफ्त दांपत्याला यातलं काही कळलं नाही. ३ जूनला जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर तशाच एका तप्त लोंढ्यात ती दोघं गेली. त्यांच्यासह ४३ जण.

भूविज्ञानावरच्या सिनेमांची गुणवत्तायादी करायला मला कोणी सांगितलं, तर ही फिल्म मी सगळ्यांच्या वर ठेवेन.

---

तुळई

आणि इशारा दिला, गाव रिकामं केलं, पण काहीच झालं नाही, तर? त्यावर कोणी सिनेमा केला आहे का?

---

कातळवाट

केलाय, जर्मन दिग्दर्शक हर्झोगने. 'ला सूफ्रिएर' (१९७७), अर्ध्या तासाचा. १९७६ मध्ये ग्वाडेलूप बेटावरचा ज्वालामुखी फुटणार म्हणून सत्तर हजारांहून जास्त माणसं महिनोन्‌महिने हलवली गेली. हर्झोग दोन कॅमेरामन घेऊन त्या रिकाम्या शहरात शिरला, कारण एक माणूस जायला नकार देऊन थांबला आहे असं त्याने वाचलं होतं. सिग्नल बदलताहेत, कुत्री फिरताहेत, माणूस नाही. आणि मोठा उद्रेक झालाच नाही. तिथे तज्ज्ञांमध्येही टोकाचे मतभेद होते. आर्मेरो आणि ग्वाडेलूप शेजारी ठेवून बघा, निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत बसणं किती अवघड आहे ते कळतं.

---

सांजरेघ

मी शाळेत भूगोल शिकवते. नववीच्या मुलांना यातलं काय दाखवू? दोन तासिका मिळतील.

---

कातळवाट

पहिल्या तासिकेत 'दान्तेज पीक'मधली बैठक दाखवा आणि निर्णय होण्याआधी थांबवा. वर्गालाच गावकारभारी करा. हॉटेलवाले, शेतकरी, शास्त्रज्ञ, रुग्णालय अशी वाटणी करून मत द्यायला लावा. मतं दोन्हीकडे पडतात आणि मुलं कडाडून भांडतात. दुसऱ्या तासिकेत आर्मेरोची वेळापत्रकासह हकिकत सांगा. मग 'ला सूफ्रिएर'मधला रिकाम्या रस्त्यांचा तुकडा दाखवून विचारा: घरी परतलेल्या लोकांना आता काय सांगाल? पुढच्या वेळी त्यांनी तुमचं ऐकावं म्हणून काय कराल? या प्रश्नाला जास्त वेळ ठेवा. 'आफ्टरशॉक' वर्गात नको, तो मुलांनी घरच्यांबरोबर बघावा.

---

सांजरेघ

करून बघते. मुलांनी कोणत्या बाजूने काय कारणं दिली ते इथेच लिहीन.